शेडमधला सरपणाचा स्टोव्ह धूर मागे टाकतो: तपासायला कुठून सुरुवात करायची

वर्कशॉपच्या शेडमध्ये बसवलेल्या छोट्या स्टोव्हची नेहमीची तक्रार एकच: धूर वर जायचा सोडून खोलीत येतो. दोष सगळ्यात आधी स्टोव्हवर ढकलला जातो. पण स्टोव्ह म्हणजे शेवटी लोखंडाची पेटी, तिच्यात बिघडण्यासारखं असतं तरी काय? ओढायचं काम धुराडं करतं, आणि धुराडं जेवढी हवा वर फेकतं तेवढी शेडला बाहेरून आत घ्यावी लागते. म्हणून शोध घ्यायचा तो सरपण, हवा आणि नळी या तिघांत. नवा स्टोव्ह आणून जुन्याच नळीला जोडला तर तोही तसाच धुमसतो.

खालचं सगळं ३ ते ५ किलोवॅटचा बंद दाराचा स्टोव्ह, १२५ मिमी व्यासाची नळी आणि लाकडी किंवा पत्र्याची शेड धरून लिहिलं आहे. मापं सर्वसाधारण आहेत. स्टोव्हच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर पुस्तिका खरी, आणि तुमच्या भागातले बांधकामाचे नियम तिच्याहून कडक असतील तर ते.

तपासणीला हात घालण्याआधी

शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो बसेपर्यंत स्टोव्ह पेटवू नका. या वायूला ना रंग, ना वास. धुराचा वास येत नाही याचा अर्थ हवा ठीक आहे असा होत नाही; उलट ज्वाळा संपून नुसते निखारे उरतात तेव्हा धूर दिसत नाही आणि हा वायू मात्र भरपूर तयार होतो. धुराचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा, एकाचं काम दुसरा करत नाही. अलार्म स्टोव्हपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर, छतावर लावत असाल तर भिंतीपासून निदान ३० सेंमी लांब लावा. वर्कशॉपमध्ये त्याच्या जाळीवर भुशाची पूड बसते, ती मऊ ब्रशने झाडत जा आणि चाचणीचं बटण अधूनमधून दाबून बघा. मागे छापलेली मुदत संपली की आवाज येत असला तरी तो अलार्म बाद.

काम करताना डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटणं ही थकव्याची लक्षणं समजू नका. दार सताड उघडं टाका, बाहेर या, वैद्यकीय मदत घ्या. विस्तव विझवायला आत थांबू नका.

लक्षणं: धूर कधी येतो ते बघा

"धूर येतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. वेळ आणि प्रसंग लिहून ठेवला की अर्धं निदान होतं.

- फक्त पेटवताना येतो, पंधरावीस मिनिटांनी थांबतो: नळीत थंड हवेचा बुच बसला आहे.
- एरवी ठीक, पण लाकूड टाकायला दार उघडलं की भपकारा: ओढ कमी आहे, बॅफल प्लेट (आगीच्या वरची आडवी पाटी) काजळीने भरली आहे, किंवा दार झटक्यात उघडलं जातंय.
- धूळ ओढणारं यंत्र किंवा एक्झॉस्ट पंखा चालू केला की येतो: शेडमध्ये हवा अपुरी पडते.
- वारा सुटला की, तोही ठरावीक दिशेचा, थांबून थांबून फुत्कार येतात: धुराड्याच्या टोकाची उंची किंवा जागा चुकली आहे.
- महिनाभरापूर्वी ठीक होतं, दिवसेंदिवस वाढत चाललंय: नळी किंवा वरची जाळी तुंबत आली आहे.
- काच तासाभरात काळी होते, नळीच्या जोडांवरून डांबरासारखे ओघळ उतरतात: सरपण ओलं, नळी थंड, किंवा नळीचे तुकडे उलटे बसवलेले.
- विस्तव विझत आल्यावर अलार्म वाजतो: सगळ्यात वाईट लक्षण. कारण मिळेपर्यंत स्टोव्ह बंद.

१. खिडकी उघडा

पैसा लागत नाही आणि एक मिनिटात उत्तर मिळतं, म्हणून ही पहिली. स्टोव्ह धुमसत असतानाच वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा दार हातभर उघडा. दोनचार मिनिटांत धूर सरळ वर जायला लागला तर स्टोव्हही निर्दोष आणि धुराडंही. शेड कोंडलेली आहे. थंडीसाठी फटी बुजवल्या, भिंतींना इन्सुलेशन लावलं, आणि त्यानंतर धूर सुरू झाला असेल तर दुसरं कारण शोधत बसू नका.

छोट्या स्टोव्हला तासाला साधारण १५ ते २० घनमीटर हवा लागते. ही काही फार नाही. पण धूळ ओढणारं साधं यंत्रसुद्धा तासाला शेकडो घनमीटर हवा ओढतं, आणि त्याची नळी भिंतीतून बाहेर काढली असेल तर ती सगळी हवा शेडबाहेर जाते. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. सगळ्यात मोकळी वाट कुठली? धुराडं. मग वरची हवा नळीतून खाली येते आणि धूर सोबत आणते. यावर एकच तोडगा चालतो: विस्तव असताना ते यंत्र चालवायचं नाही. गाळून हवा परत आत सोडणारं यंत्र असेल तर ओढीचा प्रश्न मिटतो, पण हवेत तरंगणारी बारीक लाकडी पूड आणि उघडा विस्तव एका खोलीत ठेवायची नाही, हे त्यालाही लागू. घासकाम, रंधाकाम एका वेळी आणि स्टोव्ह दुसऱ्या वेळी.

कायमचा उपाय म्हणजे भिंतीत बंद न होणारी हवेची खिडकी. दर किलोवॅटला ५५० चौरस मिमी धरलं तर ५ किलोवॅटला २,७५० चौरस मिमी मोकळी जागा लागते, म्हणजे ६० मिमी व्यासाचं भोक. त्यावर जाळी येणार आणि जाळीच्या तारा जागा खाणार, म्हणून भोक ७५ मिमीचं पाडा. जाळी बारीक घेऊ नका. मच्छरदाणीसारख्या जाळीवर पंधरा दिवसांत भुशाचा पापुद्रा चढतो आणि खिडकी असून नसल्यासारखी होते. ५ मिमीच्या आसपासची छिद्रं बरी. भोक स्टोव्हच्या जवळ, खालच्या बाजूला घेतलं तर थंड झोत कामाच्या टेबलावरून फिरत नाही. सरकती झाकणी मुळीच बसवू नका, थंडीत ती कुणीतरी बंद करतंच.

२. सरपण फोडून बघा

सरपणात पाणी २० टक्क्यांच्या खाली हवं. ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं मीटर स्वस्तात मिळतं, पण ते ओंडक्याच्या टोकाला किंवा सालीवर टोचून काही कळत नाही, कारण बाहेरची बाजू आधी वाळते. ओंडका कुऱ्हाडीने मधोमध फोडा, आतल्या ताज्या तोंडावर मधल्या भागात, रेषांच्या दिशेने सुया टोचा. बाहेर १६ आणि आत २९ असा आकडा निघणं अगदी नेहमीचं. मीटर नसेल तर दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटा: वाळलेल्या खणखणतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो.

ओल्या लाकडाने धूर मागे का यावा? ताज्या तोडलेल्या २ किलोच्या ओंडक्यात १ किलोपर्यंत पाणी असू शकतं. ते पाणी तापवून वाफ करायला साधारण ०.७ किलोवॅट-तास उष्णता जाते, म्हणजे ४ किलोवॅटच्या स्टोव्हची दहा मिनिटांची सगळी मेहनत. नळीत जाणारा धूर थंड राहतो, थंड धूर जड असतो आणि तो वर चढत नाही. शिवाय नळीच्या थंड भिंतीवर वाफ आणि डांबर गोठतं, नळी अरुंद होते, ओढ आणखी घटते. ओल्या सरपणाचा त्रास म्हणूनच दर आठवड्याला वाढत जातो.

वर्कशॉपमधल्या तुकड्यांचं दुखणं उलटं असतं. भट्टीत वाळवलेल्या लाकडात ओलावा ८ ते १२ टक्केच असतो. नुसते हेच तुकडे भरले तर ते भडकतात, नळी लालबुंद होऊ शकते, आणि घाबरून हवेची झडप पूर्ण बंद केली की हवेविना कोंडलेला वायू धूर होऊन दारातून बाहेर येतो. एका वेळी मूठभर, तेही जाड सरपणासोबत. भुसा आगीवर फेकायचा नाही, तो हवेत पसरताच भपकन पेट घेतो. एमडीएफ, प्लायवूड, चिपबोर्ड, रंगवलेलं किंवा कीड न लागण्यासाठी औषध मारलेलं लाकूड स्टोव्हमध्ये नकोच. त्यांचा धूर विषारी, आणि औषध मारलेल्या जुन्या, हिरवट झाक असलेल्या लाकडाच्या राखेत आर्सेनिक राहतं.

३. पेटवण्याची पद्धत बदला

पेटवण्याआधी स्टोव्हचं दार बोटभर उघडून फटीशी पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ आत वळली तर ओढ आहे. रेघ तुमच्याकडे आली तर नळीतली थंड हवा खाली घसरते आहे आणि आता पेटवलं तर धूर नक्की खोलीत येणार. शेड आदल्या दिवसाची गार पडलेली, भिंतीबाहेरून गेलेली उघडी नळी त्याहून गार. सकाळी हे असं होतंच. वर्तमानपत्राचा एक सैल बोळा पेटवून बॅफल प्लेटच्या जवळ, किंवा नळीला साफसफाईचं झाकण असेल तर त्यातून आत धरा. झाकण लगेच घट्ट लावून टाका. एक-दोन बोळ्यांत नळी गरम होऊन उदबत्तीची रेघ आत वळते. पेट्रोल, थिनर, रॉकेल यातलं काहीही वापरायचं नाही. ते स्टोव्ह असलेल्या शेडमध्ये ठेवायचंही नाही.

मग आग वरून खाली लावा. तळाला मनगटाएवढ्या दोनतीन चिरफळ्या, त्यावर अंगठ्याएवढ्या आठदहा काड्यांची आडवीउभी रचना, आणि पेटवण सगळ्यात वर. ज्वाळा पहिल्या मिनिटापासून नळीच्या तोंडाशी राहते, नळी लवकर तापते, आणि खालच्या लाकडातून निघणारा वायू ज्वाळेतूनच जात असल्याने जळून जातो. खालून पेटवल्यावर नेमकं उलटं होतं: नळी थंड असते तेव्हाच सगळ्यात जास्त धूर निघतो.

आकड्यात सांगायचं तर, बाहेर २० अंश सेल्सिअस असताना ४ मीटर उंच नळीत सरासरी २०० अंशांचा धूर असेल तर सुमारे १८ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) ओढ मिळते. तीच नळी ६० अंशांवर असेल तर जेमतेम ५-६. अशा स्टोव्हला साधारण १२ पास्कल लागतात. नळी तीच आणि स्टोव्हही तोच, फरक फक्त उष्णतेचा.

लाकूड टाकताना आधी हवेची झडप पूर्ण उघडा, दार दोन सेंमी किलकिलं करून दहा सेकंद थांबा, मग सावकाश उघडा. दार झटक्यात ओढलं की ते पंख्यासारखं धुराला बाहेर खेचतं. ज्वाळा चालू असताना लाकूड टाकू नका, निखाऱ्यांवर टाका.

रात्रभर धग राहावी म्हणून झडप दाबून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. कमी हवेत लाकूड जळत नाही, धुमसतं. नळीवर, स्टोव्हच्या वर साधारण ४५ सेंमीवर चुंबकाचा तापमापक चिकटवा. एकपदरी नळीच्या पृष्ठभागावर १२० ते २४० अंशांच्या दरम्यान काटा राहिला की ठीक. खाली राहिला तर डांबर साचतं. झडप दाबल्याशिवाय शेडमध्ये बसवतच नाही इतकं गरम होत असेल, तर स्टोव्ह शेडच्या मानाने मोठा आहे. ३ × ४ मीटरची, २.४ मीटर उंचीची शेड म्हणजे २९ घनमीटर. इन्सुलेशन नसेल तरी तिला ३ किलोवॅट पुरतात. तिथे ८ किलोवॅटचा स्टोव्ह कायम दबलेलाच चालणार आणि कायम धुरकट राहणार.

४. स्टोव्हच्या आत: राख, बॅफल प्लेट, दाराची दोरी

स्टोव्ह पूर्ण थंड असताना. म्हणजे हात लावून थंड, आणि राखेत खुपसलेली पळीही थंड. राखेत निखारे दोनतीन दिवस जिवंत राहू शकतात, तेव्हा राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढा आणि बादली शेडबाहेर, दगडावर किंवा मातीवर ठेवा. भुशाच्या पोत्याशेजारी ठेवलेली राखेची बादली हे शेड जळण्याचं जुनं कारण.

बॅफल प्लेट म्हणजे आगीच्या डोक्यावरची आडवी पाटी. धूर तिच्या पुढून वळसा घेऊन मागे नळीकडे जातो. तिच्या पाठीवर काजळी पडत राहते, आणि बाहेरून हे अजिबात दिसत नाही. पाटी थोडी उचलून एका बाजूला तिरकी केली की बहुतेक स्टोव्हमध्ये ती निघते. नळी झाडून झाल्यावर पाटी काढून पुसायचं राहून जातं आणि झाडलेली सगळी काजळी तिथेच ढिगारा करून बसते. नळी झाडल्यावरही धूर वाढला असेल तर आधी इथे बघा. परत बसवताना पाटी मागच्या खाचेत बसली आहे ना ते तपासा. ती इंचभर पुढे सरकलेली असली तरी धुराची वाट निम्मी होते. वर्मिक्युलाइटची (उष्णता सहन करणाऱ्या हलक्या खनिजाची) पाटी मधोमध चिरली असेल तर बदलायची, चिकटवायची नाही.

दाराची दोरी म्हणजे दाराच्या कडेच्या खाचेत बसवलेली, फट बुजवणारी दोरी. ती तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर दोरी दबलेली आहे. जुनी खरवडून काढा, त्याच व्यासाची नवीन उष्णतारोधक गोंदाने खाचेत बसवा, ताणू नका, ताणली की बारीक होते. मात्र दोरी बदलून धूर थांबेल ही आशा धरू नका. ओढ चांगली असेल तर फटीतून हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. दोरी खराब असली की आग आटोक्यात राहत नाही, हा तिचा खरा दोष.

५. नळी आणि वरची जाळी झाडा

आधी जमिनीवरून दुर्बिणीने वरची टोपी बघा. पाखरांसाठी लावलेली जाळी काजळीने विणल्यासारखी भरते, आणि नळी स्वच्छ असूनही धूर मागे येतो. थंड नळीत खालून टॉर्च आणि आरसा धरून बघितलं तर वर उजेडाचा पूर्ण गोल दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अडथळा आहे. नळीला वळण असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

१२५ मिमीच्या नळीला तेवढ्याच मापाचा नायलॉनसारख्या प्लास्टिक केसांचा ब्रश घ्या. तारेचा ब्रश स्टेनलेस स्टीलला ओरखडे पाडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. काठ्या फिरवायच्या त्या फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलट फिरवल्या की आट्या सुटतात आणि ब्रश वरच अडकून राहतो. ब्रश टोपीला लागल्याचं हाताला कळतं, तिथवर जायलाच हवं.

निघालेला माल बघा. मऊ काळी पूड असेल तर काळजी नाही. कुरकुरीत खपल्या निघाल्या तर सरपण आणि झडप या दोन्ही सवयी तपासा. साठलेला थर ३ मिमीच्या पुढे गेला असेल तर झाडल्याशिवाय पेटवू नका. आणि ब्रशने न निघणारा, काळ्या काचेसारखा चकचकीत लेप असेल तर इथेच थांबा. तो नळीतच पेट घेऊ शकतो, आणि तो काढणं घरच्या ब्रशचं काम नाही.

छपरावर चढायची वेळ आली तर दोनदा विचार करा. सिमेंटचे जुने पत्रे वरून भक्कम दिसतात आणि पाय ठेवताच फुटतात. शिवाय त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा त्यांना ड्रिल किंवा करवत लावू नका.

६. नळीची मांडणी

इथपासून काम खर्चाचं. टेप, शिडी आणि सोबतीला एक माणूस लागेल.

स्टोव्हच्या तोंडापासून टोपीपर्यंत नळी कुठेही बारीक झालेली नसावी. १२५ मिमीचं तोंड आणि १०० मिमीची नळी ही जोडी हाती होती म्हणून वापरलेली असते, आणि नळीचा छेद त्यात एक-तृतीयांशाहून जास्त कमी होतो. काटकोनी वळणं टाळा. वळवायचंच असेल तर ४५ अंशांची दोन, त्याहून जास्त नाही. मागून निघणाऱ्या तोंडाचा आडवा तुकडा १५० मिमीपेक्षा लांब नको. पहिले ६० सेंमी तरी सरळ वर गेले तर धुराला वेग मिळतो.

तुकडे उलटे बसवणं ही फार नेहमीची चूक आहे. वरच्या तुकड्याचं बारीक तोंड खालच्या तुकड्याच्या आत जायला हवं. बघणाऱ्याला वाटतं, असं लावलं तर धूर फटीतून निसटेल. पण नळीच्या आत ओढ असते, फट असली तरी तिथून हवा आत शिरते. बाहेर पडतं ते पातळ डांबर, कारण ते आतल्या भिंतीवरून खाली ओघळतं. तोंड वरून आत असेल तर ओघळ आतल्या आतच स्टोव्हपर्यंत उतरतो आणि जळून जातो. उलटं असेल तर प्रत्येक जोडावरून बाहेर पाझरतो. दुहेरी नळीवर दिशेचा बाण छापलेला असतो, तो बघा.

एकपदरी नळीच्या प्रत्येक जोडाला तीन स्क्रू आणि फायर सिमेंट. स्टोव्ह चालू असताना जोडांभोवती उदबत्ती फिरवा. धुराची रेघ कुठे आत ओढली जात असेल तर तिथून गार हवा घुसते आहे आणि ओढ मारली जाते आहे.

शेडच्या बाहेरचा भाग एकपदरी असेल तर बाकीचे सगळे उपाय करून पाहिले तरी कुठेतरी अडणारच. उघड्या हवेत पत्र्याची नुसती नळी इतकी गार पडते की धूर टोपीला पोचायच्या आत १२० अंशांच्या खाली येतो आणि डांबर गोठायला लागतं. छपरातून किंवा भिंतीतून जाणारा आणि बाहेरचा सगळा भाग दुहेरी, मध्ये इन्सुलेशन असलेलाच हवा. एकपदरी नळी छपरातून नेणं हा धुराचा नव्हे, आगीचा प्रश्न आहे.

७. उंची

शेडचं छप्पर बुटकं, म्हणून धुराडंही बुटकं ठेवलेलं असतं. स्टोव्हच्या माथ्यापासून टोपीपर्यंत निदान ४.५ मीटर धरा. छपरातून जिथे बाहेर पडते तिथून नळी किमान ९० सेंमी वर, आणि ३ मीटरच्या आत छपराचा आडवा कणा, भिंत, शेजारचं घर जे काही असेल त्याहून ६० सेंमी उंच हवी. वारा त्या अडथळ्यावरून उडी मारतो आणि पलीकडे खाली पडतो. टोक त्या पडत्या हवेत सापडलं की फुत्कार येतात. वाऱ्याची खास टोपी अशा वेळी थोडी मदत करते. पण उंच भिंतीला अडून दाबलेल्या हवेत टोक असेल तर कसलीही टोपी चालत नाही, नळीच वाढवावी लागते.

१ मीटरचा दुहेरी तुकडा वाढवणं हा बहुतेक शेडमधला शेवटचा आणि खरा उपाय असतो. छपराच्या वर १.५ मीटरपेक्षा जास्त नळी उभी राहणार असेल तर तिला पट्ट्यांचा आधार द्या, नाहीतर वाऱ्यात हलून छपराजवळचं रबर फाटतं आणि पावसाचं पाणी नळीवरून आत येतं.

नळी उघडलीच आहे तर छपरातली जागाही मोजून घ्या. दुहेरी नळी आणि लाकडी वासा यांत ५० ते ६० मिमी मोकळी जागा लागते, नेमका आकडा नळीवर किंवा तिच्या पुस्तिकेत असतो. ही जागा काचलोकर कोंबून भरू नका. ती मोकळी असते म्हणूनच वासा गार राहतो. एकपदरी नळीपासून लाकडापर्यंत ४५ सेंमी. पुस्तिका नसलेल्या जुन्या स्टोव्हभोवती सगळीकडून ९० सेंमी, किंवा भिंतीपुढे २५ मिमी पोकळी सोडून उभा केलेला पत्रा, खाली-वर उघडा, म्हणजे मागून हवा खेळते. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून कोळशासारखं होतं आणि नव्या लाकडापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला पेटतं. स्टोव्ह तासभर पूर्ण तापल्यावर मागच्या भिंतीवर तळहात टेकवून ठेवता येत नसेल तर अंतर कमी आहे, आजवर काही झालं नाही हे त्याचं उत्तर नव्हे.

इथे हात आखडा आणि जाणकार बोलवा

- पहिल्या पाच तपासण्या करूनही अलार्म वाजतो.
- नळीत चकचकीत डांबर आहे, किंवा ब्रश अडकला आहे.
- छपरात नवीन भोक पाडायचं आहे, किंवा वासा कापावा लागणार आहे.
- छपराचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा असण्याची शंका आहे.
- स्टोव्हच्या अंगाला चीर आहे, किंवा नळीच्या आसपासचं लाकूड काळवंडलं आहे.
- ओढ मोजून हवी आहे. पास्कल मोजायचं यंत्र धुराडी झाडणाऱ्या जाणकाराकडे असतं, आणि त्याच्या एका आकड्याने सहाव्या-सातव्या तपासणीतला कुठला खर्च करायचा ते ठरतं.

त्याला बोलवताना नळीचा व्यास, स्टोव्हपासून टोपीपर्यंतची उंची, वळणं किती आणि कुठे, छपराचा आणि आसपासच्या उंच गोष्टींचा फोटो, आणि वरच्या यादीतलं लक्षण, एवढं तयार ठेवा.

नळीतून विमानासारखी घरघर ऐकू आली, नळी थरथरायला लागली किंवा टोपीतून ज्वाळा दिसल्या तर नळीतलं डांबर पेटलं आहे. हवेच्या सगळ्या झडपा आणि दार बंद करा, बाहेर पडा, अग्निशमन दलाला फोन करा. स्टोव्हमध्ये किंवा नळीत पाणी ओतू नका. तापलेलं लोखंड तडकतं आणि वाफ अंगावर येते. घरघर आपोआप थांबली तरी त्यांना येऊ द्या, वासे आतून धुमसत असू शकतात. अशा आगीत नळीचे जोड उकलतात आणि दुहेरी नळीची आतली भिंत वाकते, बाहेरून काहीच दिसत नाही. नळी आतून कॅमेऱ्याने तपासून होईपर्यंत तो स्टोव्ह पुन्हा पेटवायचा नाही.